विश्लेषण : लोनाडचा शिलालेख मोबाइलवर ‘सापडण्या’साठी काय लागते?

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांसमोर येतात. पण याच तालुक्यातील भादाणे गावाचे नाव एक हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात आहे आणि लोनाडजवळच्या चौधरपाड्याला आठशे वर्षांपूर्वीचा शिलालेख सापडला आहे. दोन्ही लेख अभ्यासकांनी वाचून छापले. मात्र गावातल्या विद्यार्थ्याला ते मोबाइलवर शोधून वाचता यावेत, यासाठी जाड ग्रंथाचे नुसते स्कॅन पुरत नाही. त्यासाठी वेबसाइट तयार करणारा आणि इतिहासाचा अभ्यासक यांना एकत्र काम करावे लागते. ते कसे, याविषयी...

हे दोन लेख काय सांगतात?

भादाणे ताम्रपट उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याचा असून तो शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७ मधील आहे. लोनादित्य या सूर्यदेवतेच्या पूजेसाठी भादाणे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. हे देवस्थान ‘लवणेतट’ येथे असल्याचे लेख सांगतो. हे लवणेतट म्हणजेच आजचे लोनाड, असे अभ्यासकांनी मानले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेले जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केला. चौधरपाड्याचा शिलालेख त्याच घराण्यातील केशिदेवाचा, शके ११६१ चा. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख १९७७ मध्ये एका खंडात एकत्र आणले. एकाच परिसराविषयी सुमारे २४० वर्षांच्या अंतराने लिहिले गेलेले हे दोन दस्तावेज आहेत.

पुस्तक स्कॅन केले की काम संपत नाही का?

नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोटोतली अक्षरे संगणकाला अक्षरे म्हणून कळत नाहीत. ती ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत आणि त्यातली काही मराठी-संस्कृतही वाचतात. पण जुनी छपाई, जोडाक्षरे आणि तळटिपा यांमुळे चुका राहतात. त्या माणसालाच तपासाव्या लागतात. शिवाय जुन्या संगणकीय फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय शोधयंत्राला सापडत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. त्यामुळे मोडी कागदपत्रांच्या बाबतीत हे काम अजून लांबचे आहे.

डिजिटल मानव्यविद्या म्हणजे काय?

इतिहास, भाषा, साहित्य, लोककला यांच्या अभ्यासात संगणकाचा वापर म्हणजे डिजिटल मानव्यविद्या. इटलीतील धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांनी १९४९ मध्ये संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची करण्यासाठी आयबीएम कंपनीची मदत घेतली. ही या शाखेची सुरुवात मानली जाते. आज या कामात वेबसाइटची रचना हा संशोधनाचाच भाग झाला आहे. कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाईल, शोध कशावरून घेता येईल, पडद्यावर आधी काय दिसेल, हे रचनाकार ठरवतो. ज्याला रकाना नाही, ते हळूहळू विस्मरणात जाते. कोकणातल्या अनेक दानलेखांवर दान मोडणाऱ्याला शाप देणारे ‘गद्धेगाळ’ शिल्प असते. वेबसाइटवर फक्त ‘मजकूर’ एवढाच रकाना ठेवला, तर हे शिल्प नोंदीतून गळून पडते.

तुटलेली अक्षरे कशी दाखवायची?

ऊन-पावसाने दगड झिजतो. काही अक्षरे स्पष्ट दिसतात, काही पुसट असतात, तर काही अभ्यासकाने अंदाजाने भरलेली असतात. छापील ग्रंथात यासाठी कंस वापरतात. वेबसाइटवर सारी अक्षरे सारखीच दिसली, तर अभ्यासकाचा अंदाज वाचकाला पुरावा वाटू लागतो. म्हणून कोरीव लेखांसाठी ‘एपिडॉक’ ही जागतिक पद्धत तयार झाली. त्यात प्रत्येक शब्दासोबत तो दिसतो की सुचवलेला आहे, हे संगणकाला कळेल असे नोंदवतात. मग वेबसाइटवर सुचवलेली अक्षरे वेगळ्या रंगात दाखवता येतात. मोठ्या फोटोसाठीही तोडगा आहे. फोटोचे लहान चौकोन करून, वाचक जेवढा भाग मोठा करून पाहतो तेवढाच मोबाइलवर उतरवला जातो. त्यामुळे डेटाही कमी खर्च होतो.

नावे आणि तारखांचा घोळ कसा सुटतो?

शोधाच्या चौकटीत ‘लोनाड’ लिहिले तर ‘लवणेतट’ सापडणार नाही. काही जण ‘लोणाड’ असेही लिहितात. जुन्या लेखनात भिवंडीची ‘भिमडी’ होते. म्हणून गावांच्या नावांची वेगळी सूची करून सारी रूपे नकाशावरच्या एका ठिकाणाला जोडावी लागतात. हे झाले की भादाण्याचा ताम्रपट आणि चौधरपाड्याचा शिलालेख एकाच शोधात समोर येतात. तारखांचेही तसेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, असे आपण शाळेत शिकतो. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे लेख माघ-फाल्गुनातला असेल तर ७९ मिळवावे लागतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे सांगितले नाही, तर वेबसाइट एका वर्षाने चुकते आणि ती चूक पुढे सगळीकडे उतरवली जाते.

महाराष्ट्रात असे काम झाले आहे का?

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह हे ठळक उदाहरण. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या जमवल्या. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांचा माहितीसंच उभारला. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. येथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले आहे. एरवी ‘पारंपरिक’ म्हणून निनावी राहिली असती, ती ओवी या रकान्यांमुळे एका बाईच्या नावाने ओळखली जाते.

भिवंडीत सुरुवात कशी करता येईल?

तालुक्यात गोदामे वाढत आहेत आणि जमिनीचा वापर वेगाने बदलतो आहे. उघड्यावरचा दगड हलला, तर तो मुळात कुठे उभा होता, हा पुरावाही जातो. त्यामुळे जागेची नोंद आणि चारही बाजूंचे फोटो ही पहिली पायरी. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या ठिकाणी खात्याचे नियम पाळूनच हे करावे लागते. शिलालेखावर खडू किंवा रंग लावू नये. तिरप्या प्रकाशात फोटो काढला तरी अक्षरे उठून दिसतात. वाचनासाठी प्रकाशित पाठ प्रमाण मानावा आणि तो कोणाचा आहे, हे लिहावे. भिवंडीत मराठीइतकाच उर्दू वाचणाराही वर्ग आहे. त्यामुळे उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी पाने सुरुवातीपासून आराखड्यात हवीत. ती नंतर जोडणे अवघड जाते. यंत्रमाग कामगारांच्या आठवणी नोंदवायच्या झाल्या, तर हाच आराखडा उपयोगी पडेल. मात्र तिथे माणसे हयात असल्याने त्यांची संमती हा रकाना सर्वात आधी भरावा लागेल.