पापलेट कसे ओळखावे?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पापलेट हे मोलाचे मत्स्यधन होय. पालघर जिल्ह्यातील सातपाटी बंदर या मासेमारीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. राज्य शासनाने २०२३ साली रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. तथापि पापलेट या एकाच नावाखाली बाजारात निरनिराळ्या जातींचे मासे येतात. जात निश्चित झाल्याशिवाय आवकेची नोंद विश्वसनीय ठरत नाही.

रुपेरी पापलेट : यास सरंगा असेही म्हणतात. शरीर उंच व दोन्ही बाजूंनी चपटे, वर्ण रुपेरी करडा आणि तोंड लहान असते. खवले अत्यंत बारीक असून हाताळताच गळून पडतात. पाठीवरचा व पोटाखालचा पर पुढील भागी कोयत्याप्रमाणे वाकडा असतो. शेपटी खोलवर दुभंगलेली असून तिचे खालचे टोक वरच्यापेक्षा लांब असते. भारतीय किनाऱ्यावरील हा मासा पूर्वी ‘पॅम्पस अर्जेन्टियस’ या शास्त्रीय नावाने ओळखला जाई. अलीकडील संशोधनानुसार त्यास ‘पॅम्पस कॅन्डिडस’ मानण्यात येते.

चिनी पापलेट : याचे पर कोयत्यासारखे नसून रुंद असतात. शेपटीची खाच उथळ असते व तिची दोन्ही टोके जवळजवळ सारखी असतात.

हलवा : यास काळे पापलेट म्हणत असले तरी याचे कुळ निराळे आहे. वर्ण करडा-तपकिरी असतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस कठीण खवल्यांची धारदार ओळ असते. ती बोटांना तत्काळ जाणवते. पोटाच्या पुढील भागी परांची जोडी नसणे ही खूण मात्र येथे उपयोगी पडत नाही, कारण ती पूर्ण वाढलेल्या हलव्यातही नसते.

ही ओळख केवळ ज्ञानासाठी नाही. लहान आसाच्या डोल जाळ्यांत पापलेटाची पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात. त्यांना भाव अल्प मिळतो आणि अंडी घालण्यापूर्वीच ती मारली गेल्याने पुढील हंगामाचे बीज नष्ट होते. म्हणूनच राज्य शासनाने २०२३ साली मासळीच्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. ही मर्यादा जातीनुसार बदलते. यास्तव प्रथम जात ओळखावी व नंतर मोजपट्टी लावावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बंदरावर तिन्ही मासे शेजारी ठेवून या खुणा मच्छीमार बांधवांना प्रत्यक्ष दाखवाव्यात. आज मोठ्या आसाच्या जाळ्यातून सुटलेले पिल्लू उद्या वजनदार पापलेट होऊन त्याच बंदरास लाभ देईल.