मीटर आकडा देतो, निदान आपलं

ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज वाढवायचं असो की त्याची वीजमर्यादा सैल करायची असो, सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा लागतो, आणि पहिला धडा असतो रोध मोजण्याचा. कार्ड संगणकातून काढून टेबलावर ठेवायचं, कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्यायचा आणि मगच प्रोब टेकवायचे. चालू सर्किटवर ओहम मोजले तर आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो.

हे यंत्र शंभर वर्षांचं आहे. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजायला वेगवेगळी उपकरणं वागवण्याला कंटाळलेले ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांनी ती एका पेटीत आणली. 1923 मध्ये त्यांचा ‘अ‍ॅव्होमीटर’ बाजारात आला. महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर नाशिकमध्ये मोटवाने आणि रिषभ इन्स्ट्रुमेंट्स या दोन कंपन्या मल्टिमीटर बनवतात.

काटा जाऊन आकडे आले, तरी आतला हिशेब गेऑर्ग ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेलाच आहे. मीटर स्वतःच्या बॅटरीतून ठरावीक, अगदी लहान धारा सोडतो, दोन प्रोबमधलं विभवांतर बघतो आणि भागाकार करून रोध दाखवतो. मीटरला एवढंच कळतं. ती धारा कुठल्या वाटेने गेली, हे त्याला ठाऊक नसतं. कार्डावरच्या एखाद्या रेझिस्टरला प्रोब लावले की धारा त्याच्यातून जाते, तशी शेजारच्या समांतर वाटांनीही जाते. त्यामुळे बोर्डावर बसलेला 10 हजार ओहमचा रेझिस्टर 3 हजार दाखवू शकतो, आणि तरीही तो ठणठणीत असू शकतो. बोर्डावरचं वाचन खऱ्या किमतीपेक्षा कमी आलं तर समजण्यासारखं आहे. जास्त आलं आणि कपॅसिटर पूर्ण रिकामे असतील, तर मात्र रेझिस्टरवर संशय घ्यावा.

खरी परीक्षा जीपीयूच्या, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपच्या, वीजपुरवठ्यावर होते. मीटर 200 ओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. 0.2 किंवा 0.3 आला तर तो वायरींचा रोध. पुढच्या प्रत्येक वाचनातून तो वजा करा. आता काळा प्रोब ग्राउंडवर, म्हणजे स्क्रूच्या उघड्या धातूवर ठेवा आणि लाल प्रोब जीपीयूशेजारच्या चौकोनी कॉइलवर. मोठ्या आधुनिक चिपवर इथे एखादा ओहम, कधी त्याहूनही कमी दिसतो. नवशिका इथे घाबरतो. त्याने बझर लावला असेल तर तो वाजतोच, कारण बऱ्याच मीटरांचा बझर 30-50 ओहमखाली वाजायला लागतो. ‘कार्ड शॉर्ट आहे’ असा निकाल देऊन चांगलं कार्ड बाजूला पडतं ते असं. अब्जावधी ट्रान्झिस्टर समांतर जोडलेल्या चिपचा रोध एवढा कमी असणं स्वाभाविक आहे. याउलट 12 व्होल्टच्या वाटेवर शेकडो किंवा हजारो ओहम अपेक्षित असतात. तिथे शून्याजवळचा आकडा आला तर कार्डाला वीज द्यायची नाही. वरच्या, म्हणजे 12 व्होल्टच्या बाजूचा मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) फुटला असेल, तर सुमारे एका व्होल्टवर चालणाऱ्या चिपमध्ये 12 व्होल्ट थेट घुसू शकतात.

जुन्या कार्डांच्या व्होल्टेज मॉडमध्ये, म्हणजे व्होल्टेज वाढवण्यासाठी केलेल्या बदलात, हाच धडा कामाला येतो. व्होल्टेज नियंत्रकाची फीडबॅक पिन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायचा आणि त्याच्या सुमारे वीसपट किमतीचा व्हेरिएबल रेझिस्टर निवडायचा, असा तिथला संकेत. 500 ओहम आले तर 10 हजारांचा. जोडताना तो कमाल रोधावर ठेवायचा. तसा ठेवला की एकूण रोध 476 होतो, म्हणजे पाचेक टक्क्यांनी उतरतो आणि व्होल्टेज हळूच चढतं. तो चुकून खालच्या टोकाला राहिला, तर चिप पहिल्याच क्षणी जळू शकते.

वीजमर्यादा सैल करणाऱ्या शंट मॉडमध्ये मात्र साध्या मीटरची हद्द संपते. कार्ड किती वीज खातं ते मोजणारा शंट रेझिस्टर अनेक कार्डांवर 5 मिलीओहमचा असतो. त्यावर ‘आर005’ छापलेलं दिसतं. त्यावर तसाच दुसरा चढवला की रोध निम्मा होतो आणि कार्ड 300 वॉट खाताना 150 समजतं. पण 0.1 ओहमच्या पायऱ्यांनी मोजणाऱ्या मीटरला 0.005 दिसणारच नाही. वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. तिथे धारा देणाऱ्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या वायरी वेगळ्या ठेवणारी चार वायरींची केल्विन पद्धत लागते. आपला मीटर कुठवर पोचतो हे ओळखणं, हाही मोजायला शिकण्याचाच भाग आहे.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना एकच आग्रह आहे. आधी एखादं धडधाकट, स्वस्तातलं जुनं कार्ड घ्या. त्याच्या प्रत्येक कॉइलवरचा, मेमरीच्या वाटेवरचा, 12 व्होल्टच्या वाटेवरचा आकडा वहीत लिहून ठेवा. निरोगी कार्डाचे आकडे माहीत असतील तरच बिघडलेल्याचे ओळखता येतात. ती वही भरेपर्यंत सोल्डरिंग आयर्नला हात लावू नका.