जेवणाच्या टेबलावरील दिवा

जुन्या वऱ्हाडी घरांत स्वयंपाकघराशेजारीं पाट मांडून पंगत बसे व समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडांत जेवणें होत. आतां वाशीम, कारंजें, रिसोड येथील घरांतूनहि जेवणाचें टेबल आलें आहे, आणि त्यावर टांगलेला, बटण फिरवून कमीजास्त करतां येणारा दिवाहि येऊं लागला आहे. दिवा हौसेनें निवडला जातो. आंत घालावयाच्या बल्बाचा विचार मात्र फारसें कोणी करीत नाहीं, आणि थोड्याच दिवसांत तो लुकलुकूं लागतो.

ज्या घरीं तीन पिढ्या एकत्र जेवतात तेथें हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाहीं. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतें. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. सूनबाईंना जो उजेड पुरेसा वाटतो त्यांत आजोबांना भाजींतील मिरचीचा तुकडा दिसत नाहीं, कीं जेवणानंतरच्या दोन सारख्या गोळ्या ओळखूं येत नाहींत. वडील माणसें तसें बोलून दाखवीत नाहींत. मुकाट्यानें ताट जवळ ओढतात. उलट भर प्रकाशांत झोपेला आलेलें मूल किरकिरतें.

तारेच्या जुन्या बल्बाचें काम सोपें होतें. आपली वीज २३० व्होल्टची व सेकंदाला ५० फेऱ्यांची. डिमर प्रत्येक अर्ध्या फेरीचा कांहीं भाग कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळां वीज तोडतो व जोडतो. तापलेली तार तेवढ्यांत निवत नसे. ती नुसती मंद व तांबूस होई. एलईडी बल्बाच्या बुडाशीं मात्र विजेची एक लहानशी जुळणी असते. बाहेर कांहींहि झालें तरी आंतील प्रवाह कायम राखावा हें तिचें काम. कापलेली वीज मिळतांच ती गोंधळते. दिवा फडफडतो, गुणगुणतो व अकालीं जातो. २०१५ सालीं सुरू झालेल्या उजाला योजनेंतून घरोघरीं आलेले नऊ वॅटचे पांढरे बल्ब काटकसरीचे खरे, पण ते डिमरसाठीं केलेले नव्हते. खोक्यावर ‘डिमेबल’ असें छापलेलें पाहूनच बल्ब घ्यावा.

डिमरहि त्याच्या जोडीचा हवा. जुने डिमर शेंकडों वॅटच्या भाराकरितां बनविलेले; नऊ वॅटचा एकटा बल्ब त्यांच्या खिजगणतींतच नसतो. एलईडीसाठीं म्हणून मिळणारा डिमर बसवावा. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याची युक्ति कोणी सुचविल्यास ऐकूं नये. बल्ब व डिमर दुकानांतच जोडून पाहावे, बटण अगदीं खालीं आणावें आणि मोबाईलचा कॅमेरा समोर धरावा. ठळक काळे पट्टे सरकतांना दिसल्यास दुसरा बल्ब मागावा. दुकानदार कुरकुरेल, त्याला कुरकुरूं द्यावें.

वॅटवरून उजेड ओळखण्याची आपली संवय आतां निरुपयोगी झाली आहे. ल्युमेन पाहावे: ६० वॅटच्या तारेच्या बल्बाइतका उजेड म्हणजे सुमारें ७०० ते ८०० ल्युमेन. सहा माणसांच्या टेबलावर असे दोन बल्ब असावे. जास्त झाला तर बटण आहेच. मुळांत कमी असलेला उजेड बटणानें वाढत नाहीं.

रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असावा. ६५०० चा निळसर पांढरा उजेड अभ्यासाला ठीक. वरणावरचें तूप त्यांत फिकें दिसतें. पांढरा एलईडी बहुधा मुळांत निळा असून पिवळ्या लेपानें पांढरा भासतो. त्यांत तांबडा भाग थोडा, म्हणून हलक्या बल्बाखालीं टोमॅटोचें सार व गाजराची कोशिंबीर निस्तेज दिसतात. रंगांचा खरेपणा सांगणारा सीआरआय अंक ८० च्या खालीं नसावा. ९० मिळाल्यास उत्तम.

दिवा टेबलापासून सुमारें अडीच फूट वर, व बल्ब डोळ्यांत येणार नाहीं अशा छत्रींत असावा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना उघडा बल्ब दिपवितो. बंद काचेच्या हंडींत एलईडी तापून लवकर बिघडतो, आणि आमच्याकडे वैशाखांत पारा आधींच चाळिशीच्या वर असतो. इन्व्हर्टर साइन लहरीचा नसेल तर त्यावर डिमर नीट चालत नाहीं; अशा घरीं टेबलाचा दिवा त्या जोडणींतून वगळून जवळच्या भिंतीवर एक साधा बल्ब ठेवावा.