खुर्ची मिळाली, चालणे सुटले

गेल्या महिन्यात चळवळीतील एक जुने सहकारी गेले. वय अवघे ५४. शोकसभेत त्यांच्या त्यागाचा सर्वांनी गौरव केला. परंतु वीस वर्षे अंगावर काढलेल्या मधुमेहाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. मीही काढले नाही, कारण माझ्याही खिशात त्याच गोळ्या होत्या.

माझे वडील गिरणीत पाळी भरीत, आई बांधकामावर घमेली वाही. त्यांच्या लेखी व्यायाम म्हणजे पोटभरल्यांचे चोचले. खोटे काय होते त्यात? शरीर झिजवणे आपल्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेलेच होते. आम्ही शिकलो, खुर्ची मिळाली, आणि घामातून सुटल्याच्या आनंदात नाक्यापर्यंत जायलाही स्कूटर काढू लागलो. खाणे मात्र घमेली वाहणाऱ्यांचेच राहिले.

बाबासाहेबांच्या रात्र रात्र चाललेल्या अभ्यासाचे दाखले आपण देतो. त्याच देहाने मधुमेह आणि संधिवात सोसला, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, हे कितीजण सांगतात?

बावन्नाव्या वर्षी मी चालू लागलो. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दम लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण. चाळिशीनंतर स्नायू घटत जातात, आणि रक्तातील साखर वापरतात ते हेच स्नायू. त्यासाठी जिमची फी नको. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. (निदान खुर्चीचा एवढा तरी उपयोग!) इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरू शकते म्हणून खिशात गोड ठेवावे, पायांना जखम नाही ना हे रोज पाहावे. छातीत दाटले तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.

पत्नीला म्हणालो, तूही चल. ती म्हणाली, "डबा कोण करणार?" घरकामात बायकांचा व्यायाम होतोच, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. तिचे गुडघे आणि रक्तदाब वेगळेच सांगत होते. आता कणीक मी मळतो. पोळ्या अजून तीच लाटते, हेही कबूल करतो.

रविवारी वंदनेनंतर आम्ही काहीजण विहारापासून तलावापर्यंत चालत जातो. मागच्या रविवारी नऊजण होतो, त्यात चार महिला. दोघांच्या पायांत स्लीपर होत्या. त्यांना येत्या पगाराला बूट घ्यायला सांगितले आहे.