हेलसिंकी–टोकियो, व्हाया उत्तर ध्रुव

जेट प्रवाहावर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. मागच्या लेखात सांगितल्याप्रमाणे त्यांनी पृथ्वीगोलावर दोरा ताणून हेलसिंकी–टोकियो मोजलं. सुमारे ७,८०० किलोमीटर भरलं, म्हणजे साडेनऊ-दहा तास. ‘मग आमचा भाचा तेरा तास विमानात काय करत होता?’

दोऱ्यात काही खोट नाही. तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो, तिथेच घोडं अडलंय. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने उलट तेच केलं. फिनलंडच्या फिनएअर कंपनीचा सगळा आशियाई धंदा ‘युरोपातून जवळची वाट आमचीच’ यावर उभा होता. ती वाट एका आठवड्यात गेली.

आता उरल्या दोन वाटा. दक्षिणेची तुर्कस्तान, कॉकेशस, कझाकस्तान, चीन अशी वळसे घेत जाते. मला मोह आहे तो उत्तरेच्या वाटेचा. दोरा पुन्हा घ्या. हेलसिंकी ते उत्तर ध्रुव ३,३०० किलोमीटर. ध्रुवापासून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत २,७००. तिथून टोकियो ४,७००. झाले १०,७००, शिवाय रशियाच्या कामचात्काला बगल द्यायची, ते अंतर वेगळंच. ध्रुवावरून नेल्याबद्दल प्रवाशांना प्रमाणपत्रही देतात, भाच्याला विचारून बघा.

गंमत म्हणजे ही वाट नवी नाहीच. १९८३ साली फिनएअरनेच सोव्हिएत आकाश टाळून, जादा इंधनाच्या टाक्या बसवलेलं डीसी-१० ध्रुवावरून टोकियोला न थांबता नेलं होतं. तेव्हाही साधारण तेराच तास लागत. त्याआधी ध्रुवाकडून जाणारी विमानं अलास्कात अँकरेजला उतरून इंधन भरत. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७मध्ये कोपनहेगन–टोकियो सेवा तशीच सुरू केली.

त्या काळी वर दिशा सांभाळणं हेच मोठं काम होतं, कारण चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्रावर विसंबता येत नाही. एप्रिल १९७८मध्ये पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं बोइंग ७०७ भलतीकडेच वळलं आणि थेट मुर्मान्स्कजवळ सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र डागलं, दोन प्रवासी दगावले. वैमानिकाने रात्रीच्या अंधारात विमान एका गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. हे उतरवणं विमानोड्डाणाच्या इतिहासात हवं तेवढं नावाजलं गेलं नाही, असं माझं मत. वाचलेल्या प्रवाशांना पुढे मुर्मान्स्कहून बाहेर काढलं, ते हेलसिंकीलाच.

आज दिशेची चिंता उपग्रहांनी मिटवली आहे. त्या-त्या दिवशी उत्तरेने जायचं की दक्षिणेने, हे ठरवताना वरच्या वाऱ्याला मोठा मान असतो. तो वारा म्हणजेच राहून गेलेला जेट प्रवाह. पुढच्या आठवड्यात, आणखी पत्र आलं नाही तर.