भोकातली धूळ बघा, मग टीव्ही लावा

55 इंची एलईडी टीव्हीचं वजन मॉडेलनुसार साधारण 14 ते 18 किलो असतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या रिकाम्या सिलिंडरच्या आसपास. पण टीव्ही आपण स्वतःच भिंतीवर लावू, असं कुणी म्हणालं की घरात लगेच परिसंवाद भरतो. ‘पडला म्हणजे?’ हा पहिला प्रश्न, आणि बहुधा तोच शेवटचा. मग वायरमनला फोन जातो.

वजनाची ही भीती तशी अनाठायी आहे. 6 मिलिमीटर जाडीचा पोलादी स्क्रू आडवा तुटायला काहीशे किलोंचा भार लागतो, आणि ब्रॅकेटला असे निदान चार स्क्रू असतात. टीव्ही खाली येतो तो स्क्रू तुटून नव्हे, तर भिंतीतून उपटून. भार खाली ओढत असताना स्क्रू बाहेर का येतो, याचं उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेत आहे.

ब्रॅकेटची पट्टी भिंतीला टेकलेली असते. टीव्हीचं वजन तिच्यापुढे काही अंतरावर लोंबतं. त्यामुळे पट्टीची खालची कड भिंतीत रुतू पाहते आणि वरची कड भिंतीपासून सुटू पाहते. वरच्या स्क्रूंवर जो ताण येतो तो काढायला वजनाला त्याच्या भिंतीपासूनच्या अंतराने गुणायचं आणि पट्टीच्या उंचीने भागायचं. 15 किलोंचा टीव्ही भिंतीला चिकटून, त्याचा गुरुत्वमध्य 5 सेंटिमीटरवर, पट्टी 20 सेंटिमीटर उंच: ताण निघतो पावणेचार किलो. किरकोळच. आता तोच टीव्ही पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरणाऱ्या हातावर लावा आणि हात 50 सेंटिमीटर बाहेर ओढा. ताण होतो साडेसदतीस किलो. टीव्ही तोच आणि भिंतही तीच, पण ओढ दहापट. त्यात घरातलं पोर हाताला लोंबकळलं तर हिशेब करायलाही नको. पहिल्यांदाच ड्रिल हातात घेणाऱ्याने फिरत्या हाताच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. चपटं, स्थिर ब्रॅकेट घ्यावं आणि सोफा फिरवावा.

हा ताण पेलते कोण? स्क्रू नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात जिला गिट्टी किंवा रावल प्लग म्हणतात, ती प्लास्टिकची बोटभर नळी. स्क्रू आत जातो तशी ती फुगते, भोकाच्या कडांवर दाबते आणि त्या दाबातून जन्मणारं घर्षण स्क्रूला धरून ठेवतं. भिंतीला टांगलेली बहुतेक प्रत्येक वस्तू अशी घर्षणाच्या भरवशावर असते.

या गिट्टीची गोष्ट अशी: 1911 साली लंडनमधल्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांच्यापुढे ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवण्याचं काम आलं. तोवरची पद्धत म्हणजे छिन्नीने भिंतीत चौकोनी खड्डा खणायचा, त्यात लाकडाचा ठोकळा ठोकायचा आणि लाकडात स्क्रू पिळायचा. संग्रहालयाच्या भिंतींची अशी नासधूस चालणार नव्हती. रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची, प्राण्यांच्या रक्ताने चिकटवून कडक केलेली बारीक नळी बनवली. तिच्यासाठी छोटंसं गोल भोक पुरे होई. नायलॉनची गिट्टी आली 1958 साली, जर्मनीच्या आर्टुर फिशर यांच्या डोक्यातून. तिला मधोमध चीर आहे, म्हणून ती फाकते. बाजूला कान आहेत, म्हणून ती स्क्रूबरोबर फिरत नाही. या गृहस्थांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंट आहेत, पण जगाच्या घराघरांत पोचली ती ही दोन पैशांची गिट्टी.

आपल्याकडे लाकडी गिट्टीही अजून दिसते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन-चार वर्षांत सैल होते. घड्याळापुरती ठीक, टीव्हीला नको.

घर्षणाला दोन गोष्टी लागतात: भोक नेमक्या मापाचं आणि भिंत दाब सोसणारी. 10 मिलिमीटरच्या गिट्टीला 10 चंच बिट. हात हलला की भोकाचं तोंड पसरतं, मग लोक त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबतात. त्या काड्यांवर टीव्ही टांगू नये. भोकात उरलेली धूळही गिट्टीला कडेशी नीट भिडू देत नाही. ती सायकलच्या पंपाने उडवावी, तोंडाने फुंकू नये, डोळ्यांत जाते.

मात्र ही धूळ उडवण्याआधी नीट बघावी, कारण भिंतीच्या पोटात काय आहे ते तीच सांगते. सुरुवातीला पांढरी किंवा राखाडी भुकटी येते, तो प्लास्टर. आतल्या भिंतींवर तो साधारण 12 ते 15 मिलिमीटर असतो आणि त्याची ताकद शून्य धरावी. म्हणून आखूड गिट्टी फसवते: निम्मी प्लास्टरमध्ये, निम्मी विटेत. किमान 50-60 मिलिमीटर लांबीची घ्यावी आणि बिटवर तेवढ्या अंतरावर सेलोटेपची खूण करावी. प्लास्टर संपल्यावर तांबडी धूळ येऊ लागली की भाजलेली वीट लागली. उत्तम भिंत, निर्धास्त पुढे जा. तांबडी येता येता एकदम राखाडी, वाळूसारखी झाली तर बिट दोन विटांमधल्या सांध्यात शिरलं. तिथे पकड कच्ची, भोक थोडं सरकवावं. अगदी सुरुवातीपासून बारीक राखाडी पीठ आणि ड्रिल रेटा देऊनही हलेना, तर समोर काँक्रीट आहे: कॉलम, बीम किंवा मिवान पद्धतीने ओतलेली अख्खी भिंत. गिट्टीला याहून चांगली जागा नाही, पण घरगुती ड्रिल इथे रडतं. त्याचा हॅमर दातेरी चकत्यांच्या खडखडाटावर चालतो. मिनिटाला हजारो ठोके बसतात, पण प्रत्येक ठोका हलका. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने टोला हाणतो. ठोके कमी, पण एकेक जबर. हे मशीन भाड्याने मिळतं. कॉलममध्ये बिट अचानक अडलं, धूळ थांबली आणि आवाज किणकिणला तर सळई लागली. कॉलमच्या मुख्य सळईवर निदान 40 मिलिमीटर काँक्रीट असावं, असा भारतीय मानकाचा दंडक आहे, म्हणजे 60 मिलिमीटरच्या भोकाला सळई भेटू शकते. तिच्याशी झटापट न करता भोक बाजूला घ्यावं. इमारत त्या सळईवर उभी आहे.

चौथी धूळ पांढरट-करडी, भरड, आणि बिट लोण्यात शिरावं तसं आत जातं. हे एएसी ब्लॉक, पुणेकरांच्या भाषेत सिपोरेक्स. स्वीडनमध्ये 1920च्या दशकात योहान अॅक्सेल एरिक्सन यांनी ही सामग्री शोधली आणि पुण्यात बांधकाम व्यवसायातल्या शिर्क्यांनी स्वीडिश तंत्राने तिचा कारखाना काढला. चुना, सिमेंट आणि राख किंवा वाळू यांच्या लगद्यात अॅल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजन सुटतो, लगदा बुडबुड्यांनी फुगतो आणि मग तो वाफेच्या दाबाखाली कडक करतात. म्हणून ब्लॉक हलका आणि उष्णता अडवणारा, पण त्याचा बराचसा भाग पोकळ. साध्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला 20 न्यूटनच्या पुढे, याची 3-4 च्या घरात. नेहमीची गिट्टी किंवा लोखंडी अँकर फुगला की बुडबुड्यांच्या भिंती चुरडतात, दाबच उरत नाही आणि घर्षणही नाही. गंमत अशी की पहिल्या दिवशी स्क्रू छान घट्ट वाटतो. इथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडावं आणि एएसीसाठीच बनवलेली, पिळाच्या रुंद पात्यांची गिट्टी वापरावी. भार जास्त असेल तर भोकात रेझिन भरून सळी चिकटवणारा केमिकल अँकर. 4 इंची सिपोरेक्सच्या भिंतीवर फिरता हात लावायचाच असेल, तर ते काम जाणकाराकडे द्यावं.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतींचा प्रश्न निराळा. चिऱ्याच्या अंगातच पोकळ्या असतात. एक भोक पक्कं निघतं, वीतभर अंतरावरचं दुसरं थेट पोकळीत उघडतं. चार भोकं चार स्वभावांची निघाली तर तिथेही केमिकल अँकर बरा, जाळीच्या नळीसकट, म्हणजे रेझिन पोकळीत वाहून जात नाही.

भोक पाडण्यापूर्वीची एक खबरदारी मात्र प्रत्येक भिंतीला लागू. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नये, बंदिस्त वायरींचे पाइप बहुतेक तिथूनच जातात. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या रेषेलाही हाच नियम. ज्या खोलीत भोक पाडायचं तिचा एमसीबी पाडावा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून आणावी.

उंचीचं म्हणाल तर बहुतेक घरांत टीव्ही फार वर असतो, देवांच्या तसबिरींच्या रांगेत. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असला की मान दुखत नाही. समपातळीसाठी मोबाइलचं अॅप वापरत असाल तर कॅमेऱ्याचा उंचवटा पट्टीवर टेकत नाही ना, ते पाहा. नाहीतर अॅप प्रामाणिकपणे चुकीचं सांगेल. 40 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन भोकांत 3 मिलिमीटरचा फरक पडला तर 122 सेंटिमीटर रुंद पडद्याच्या दोन टोकांत 9 मिलिमीटरचा पडतो, आणि तो रोज दिसतो. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी अशा वेळी कुठल्याही अॅपपेक्षा भरवशाची.

पट्टी लागली की लगेच टीव्ही चढवू नये. आधी वरची कड दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढावी, अंगातली ताकद लावून. एखादा स्क्रू केसभर जरी पुढे आला किंवा प्लास्टरची भुकटी झडली तर ते भोक बाद. ते पुट्टीने बुजवावं आणि नवं चार बोटं सोडून पाडावं. काही हललं नाही तर दोघांनी दोन बाजूंनी टीव्ही उचलावा, हात पडद्याला न लावता कडांना धरून, आणि तिसऱ्याने बाजूला उभं राहून आकडा पट्टीत बसतोय का ते बघावं. तळाचे अडकवण्याचे स्क्रू पिळल्याशिवाय कुणीही हात सोडू नये.