पुन्हां केव्हां विचारावें ?



दूरच्या यंत्राला केलेली विनंती निष्फळ झाली म्हणजे ती आपोआप पुन्हां करावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु आज दुकानाचे हिशेब, शाळेचे दाखले, घरांतील छायाचित्रें हीं सर्व दूर कोठें तरी मोठमोठ्या यंत्रगृहांत ठेवलेलीं असतात. या सोयीला 'क्लाउड' असें नांव आहे. तेव्हां हा प्रश्न आपल्या खिशाशीं येऊन भिडतो.

आमच्या नाचणगांवांतील एखाद्या किराणा दुकानाचें उदाहरण घेऊं. गिऱ्हाइकानें मोबाइलवरून ५४० रुपये धाडले. पडद्यावर चक्र फिरत राहिलें आणि उत्तर आलें नाहीं. आतां तिहींपैकीं एक घडलेलें असूं शकतें. विनंती वाटेंतच हरवली. किंवा ती पोहोंचून नाकारली गेली. अथवा ती पोहोंचली, पैसेही वळते झाले, आणि परतीचें उत्तर तेवढें हरवलें. तिन्ही प्रकारीं पाठविणाऱ्याच्या पुढें सारखेंच मौन असतें. सगळी अडचण येथें आहे.

म्हणून पहिला विचार हा, कीं तीच गोष्ट दोनदां झाल्यास हानि आहे काय ? पुलगांवच्या अडत्याला कोणी पत्रानें कापसाचा भाव विचारला व उत्तर आलें नाहीं, तर दुसरें पत्र खुशाल धाडावें. दोन उत्तरें आलीं तरी बिघडत नाहीं. पण 'दोन पोतीं सरकी पाठवा' हें पत्र पुन्हां धाडलें, तर चार पोतीं दारांत येऊन पडतील. यास उपाय असा, कीं प्रत्येक मागणीला क्रमांक घालावा, आणि पुन्हां लिहितांना तोच क्रमांक लिहावा. अडत्या आपल्या वहींत पाहून 'ही मागणी पुरी झाली आहे' असें ओळखील. चांगल्या यंत्ररचनेंत हीच युक्ति योजलेली असते.

दुसरा विचार नकाराच्या कारणाचा. गुप्त अंक चुकला, खात्यांत शिल्लक नाहीं, पत्ताच अस्तित्वांत नाहीं, असें उत्तर आल्यास शंभरदां विचारूनही तें बदलणार नाहीं. परंतु क्लाउडच्या भाषेंत ५०३ या अंकाचा अर्थ 'सध्यां सेवा देतां येत नाहीं', आणि ४२९ चा अर्थ 'फार वेळां विचारलेंत' असा आहे. हे नकार तात्पुरते होत. येथें थांबून पुन्हां विचारणें योग्य. कित्येकदां किती वेळानें यावें हेंही उत्तरांतच लिहिलेलें असतें, तें पाळावें.

तिसरा विचार सबुरीचा. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील बर्कले येथें, एकमेकांपासून सुमारें चारशें यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधील संदेशांचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तुंबलेल्या वाटेवर यंत्रें तेच संदेश पुन्हां पुन्हां ढकलीत होतीं. १९८८ सालीं व्हॅन जेकबसन यांनीं यावरील इलाज प्रसिद्ध केला. त्याचें सार हें, कीं वाट तुंबल्याचें दिसतांच पाठविणाऱ्यानें आपला वेग आवरावा. म्हणून एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ असा विसावा वाढवीत नेतात. त्यांत थोडा अनियमितपणाही घालतात. नाहीं तर एकाच क्षणीं निराश झालेलीं हजारों यंत्रें पुन्हां एकाच क्षणीं दार ठोठावतील. प्रयत्नांना मर्यादा हवी, आणि हें काम एकाच ठिकाणीं सोंपवावें. तीन पायऱ्यांवरील प्रत्येक यंत्र तीनदां प्रयत्न करूं लागलें, तर तळच्या यंत्राच्या वांट्याला एका विनंतीच्या सत्तावीस विनंत्या येतात.

हा धडा आपल्याकडेही मिळाला. २०१६ सालीं सुरू झालेली यू. पी. आय. ही व्यवस्था मुंबईची नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था चालविते. १२ एप्रिल २०२५ रोजीं ती कांहीं तास विस्कळित झाली. कारण शोधतां असें आढळलें, कीं कांहीं बँकांकडून 'त्या व्यवहाराचें काय झालें ?' ही पृच्छा, जुन्या व्यवहारांविषयींही, प्रचंड संख्येनें होत होती. नुसतें विचारणें निरुपद्रवी खरें, पण त्यालाही सीमा आहे. त्यानंतर बँकांना नियम घालून देण्यांत आला, कीं एका व्यवहाराची पृच्छा फार तर तीनदां करावी.

मग गृहस्थानें काय करावें ? उत्तर न आल्यास लगेच पुन्हां पैसे धाडूं नयेत. कारण नव्यानें पैसे धाडले कीं नवा क्रमांक पडतो, आणि यंत्राच्या दृष्टीनें ती नवीच मागणी ठरते. थोडें थांबून पहिल्या व्यवहाराची स्थिति पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणें, एका खात्यांतून वजा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यांत जमा न झाल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत मिळावयास हवी. दुकानदाराला दिलेल्या रकमेस ही मुदत पांच दिवसांची आहे. त्यापुढें दररोज शंभर रुपये भरपाई. ज्या घरांत महिन्याचा पैसा मोजून ठेवलेला असतो, तेथें ५४० रुपये दोनदां जाणें ही लहान गोष्ट नव्हे.

चिकाटी हा गुण आपण मुलांना शिकवितों. त्याबरोबर कोणतें काम पुन्हां करावें, किती थांबून करावें आणि कोठें सोडून द्यावें, हेंही शिकविलें पाहिजे. यंत्रांनाही तेंच शिकवावें लागतें, एवढें सांगून आपली रजा घेतों.